वासिली शुक्शिन

वासिली मकारोविच शुक्शिन (जन्म: २५ जुलै, १९२९, मृत्यू: २ ऑक्टोबर, १९७४) हे सोव्हिएत रशियातील कथाकार, कादंबरीकार, चित्रपट दिग्दर्शक, पटकथालेखक आणि अभिनेते होते. सायबेरियातील आल्ताय प्रदेशातल्या एका खेड्यात जन्मलेल्या शुक्शिन यांनी गाव सोडून शहराकडे निघालेल्या, परंतु शहरात रुजू न शकलेल्या आणि गावालाही परक्या झालेल्या माणसांचे चित्रण आपल्या साहित्यातून व चित्रपटांतून केले. अखेरच्या दिग्दर्शित चित्रपटात, 'कालिना क्रास्नाया'मध्ये (१९७४), तुरुंगातून सुटून नवे आयुष्य उभारू पाहणाऱ्या एका चोराची शोकांतिका त्यांनी मांडली. हा चित्रपट सोव्हिएत संघात सुमारे ६.२५ कोटी प्रेक्षकांनी पाहिला. त्याच वर्षी, वयाच्या ४५व्या वर्षी, दुसऱ्या एका चित्रपटाचे चित्रीकरण सुरू असताना त्यांचे निधन झाले. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर लेनिन पुरस्कार देण्यात आला.

बालपण आणि कौटुंबिक पार्श्वभूमी

शुक्शिन यांचा जन्म स्रोस्त्की या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. हे गाव कातून नदीच्या काठी, बियस्क शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर, मंगोलियाच्या सीमेकडे जाणाऱ्या चुया महामार्गावर वसलेले आहे. नदी, महामार्ग आणि त्यावरून ये-जा करणारे मालमोटारींचे चालक हे तिन्ही घटक पुढे त्यांच्या कथांत आणि चित्रपटांत वारंवार आले.

त्यांच्या बालपणी सोव्हिएत संघात सामूहिक शेतीची सक्ती सुरू झाली होती. शेतकऱ्यांच्या जमिनी व गुरेढोरे 'कोलखोझ' म्हणजे सामूहिक शेतसंस्थेत घेतली जात होती, आणि विरोधाचा नुसता संशय आला तरी अटक होत असे. वडील मकार लिओन्तियेविच यांना १९३३ मध्ये सोव्हिएत सत्तेविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून अटक करण्यात आली आणि त्याच वर्षी गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस-एकवीस वर्षांचे होते. वासिली चार वर्षांचेही झाले नव्हते, तर बहीण नताल्या त्यांच्याहूनही लहान होती. स्तालिनच्या मृत्यूनंतर, १९५६ मध्ये, मकार शुक्शिन यांना निर्दोष ठरवण्यात आले.

आई मारिया सेर्गेयेव्ना यांनी दोन्ही मुलांना एकटीने वाढवले. जनतेचा शत्रू ठरवलेल्या माणसाचे आडनाव लावणे मुलांना धोक्याचे ठरले असते. त्यामुळे शाळेत वासिली यांची ओळख आईच्या माहेरच्या पोपोव या आडनावाने होती. पुढे पासपोर्ट घेताना मात्र त्यांनी वडिलांचे आडनाव पुन्हा स्वीकारले. आईने काही वर्षांनी पावेल कुक्सिन यांच्याशी दुसरा विवाह केला. सावत्र वडिलांविषयी वासिली यांच्या मनात सुरुवातीला अढी होती, परंतु नंतर त्यांनी कुक्सिन यांच्याविषयी आदराने लिहिले. कुक्सिन १९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धात मारले गेले आणि कुटुंब पुन्हा निराधार झाले. युद्धकाळातील उपासमार, थंडी आणि आईचे कष्ट यांवर शुक्शिन यांनी पुढे आत्मचरित्रात्मक कथा लिहिल्या. आई आणि मुलगा यांचे नाते हा त्यांच्या लेखनाचा कायमचा गाभा राहिला.

गावाबाहेरची वर्षे

सातवी इयत्ता पूर्ण केल्यावर शुक्शिन यांनी बियस्क येथील मोटारतंत्र विद्यालयात प्रवेश घेतला, परंतु अभ्यासक्रम अर्धवट सोडून ते गावी परतले आणि काही काळ कोलखोझमध्ये कामाला लागले. १९४६ च्या सुमारास त्यांनी गाव सोडले. त्या काळी कोलखोझमधील बहुतेक शेतकऱ्यांकडे पासपोर्ट नसे. त्याशिवाय शहरात राहणे व नोकरी मिळवणे अवघड असल्यामुळे गाव सोडणे हा केवळ इच्छेचा प्रश्न नव्हता. सैन्यभरती, बांधकामावरील मजुरी किंवा शिक्षण हेच ग्रामीण तरुणांपुढचे बाहेर पडण्याचे मुख्य मार्ग होते. शुक्शिन यांनी हे तिन्ही मार्ग चोखाळले.

युद्धानंतरच्या पुनर्बांधणीच्या काळात त्यांनी कालुगा येथील टर्बाइन कारखाना, व्लादिमीर येथील ट्रॅक्टर कारखाना आणि इतर काही बांधकामांवर फिटर व अवजड यंत्रसामग्री उचलणारा कामगार म्हणून काम केले. १९४९ मध्ये त्यांची नौदलात भरती झाली. बाल्टिक समुद्रावर प्रशिक्षण घेतल्यानंतर ते सेवास्तोपोल येथे काळ्या समुद्रावरील आरमारात रेडिओ संदेशवाहक होते. नौदलात असताना त्यांचे वाचन वाढले आणि त्यांनी लेखनाचे पहिले प्रयत्न केले. पोटातील व्रणाच्या विकारामुळे त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आले. या विकाराने आयुष्यभर त्यांची पाठ सोडली नाही.

गावी परतल्यावर १९५३ मध्ये त्यांनी शाळेत नियमित न बसता बाहेरून शालान्त परीक्षा दिली. त्यानंतर स्रोस्त्की येथील ग्रामीण तरुणांच्या रात्रशाळेत ते रशियन भाषा शिकवू लागले आणि काही काळ मुख्याध्यापकाचे कामही त्यांनी पाहिले. दिवसभर शेतात व यंत्रांवर राबून संध्याकाळी वर्गात येणारे हे तरुण जवळजवळ त्यांच्याच वयाचे होते. कामाने थकलेल्या आणि गावाबाहेरच्या जगाविषयी उत्सुकता बाळगणाऱ्या या पिढीशी त्यांचा येथे निकटचा परिचय झाला.

चित्रपटाचे शिक्षण

१९५४ मध्ये शुक्शिन मॉस्कोला गेले. प्रवासाच्या खर्चासाठी आईने घरची गाय विकल्याचे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. अखिल-संघ राज्य चित्रपट संस्थेत त्यांना दिग्दर्शन विभागात प्रवेश मिळाला आणि ज्येष्ठ दिग्दर्शक मिखाईल रोम यांच्या वर्गात ते शिकू लागले. त्याच वर्गात आंद्रेई तारकोव्स्की हेही होते. मॉस्कोतील सुशिक्षित घरातून आलेल्या सहाध्यायांच्या तुलनेत शुक्शिन वयाने मोठे होते आणि पुस्तकी तयारीत मागे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी झपाटून वाचन केले. रोम यांनी त्यांना दिग्दर्शनाबरोबरच कथालेखन सुरू ठेवण्यास आणि त्या नियतकालिकांना पाठवण्यास प्रोत्साहन दिले.

१९५६ मध्ये तारकोव्स्की आणि त्यांच्या सहाध्यायांनी हेमिंग्वे यांच्या कथेवरून केलेल्या 'मारेकरी' या विद्यार्थिपटात शुक्शिन यांनी पळून जाण्याचे त्राण न उरलेल्या मुष्टियोद्ध्याची भूमिका केली. १९५८ मध्ये मार्लेन खुत्सियेव दिग्दर्शित 'दोन फ्योदर' या चित्रपटात त्यांना प्रमुख भूमिका मिळाली. युद्धावरून परतलेला सैनिक एका अनाथ मुलाला आपल्याजवळ ठेवून घेतो, अशी या चित्रपटाची कथा होती. त्याच वर्षी 'स्मेना' या नियतकालिकात त्यांची 'गाडीवरचे दोघे' ही पहिली कथा प्रसिद्ध झाली. १९६० मध्ये 'लेब्याझ्ये येथून कळवतात' हा पदवीपट पूर्ण करून ते संस्थेतून बाहेर पडले.

पदवीनंतरची काही वर्षे अस्थैर्यात गेली. मॉस्कोत कायम वास्तव्यासाठी लागणारी 'प्रोपिस्का' ही अधिकृत नोंदणी त्यांच्याकडे नव्हती, त्यामुळे मित्रांच्या घरी आणि वसतिगृहांत मुक्काम करावा लागे. या काळात अभिनयावर त्यांची गुजराण चालली. १९६३ मध्ये 'ग्रामवासी' हा त्यांचा पहिला कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांच्या कथा 'नोवी मीर' या प्रतिष्ठित मासिकात आल्या आणि गॉर्की चित्रपट स्टुडिओत त्यांना दिग्दर्शक म्हणून काम मिळाले.

सुरुवातीचे चित्रपट

'असा एक तरुण आहे' (१९६४) हा शुक्शिन यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. चुया महामार्गावर मालमोटार चालवणारा पाश्का कोलोकोल्निकोव हा त्याचा नायक आहे. ही भूमिका लिओनिद कुराव्ल्योव यांनी केली. पाश्का बोलघेवडा, थापाड्या आणि प्रेमात सतत अपयशी ठरणारा तरुण आहे. इंधनाच्या साठ्याजवळ एक मालमोटार पेट घेते तेव्हा तो जिवाची पर्वा न करता ती दूर नेतो. पण हे धाडस का केले, हे विचारायला आलेल्या पत्रकार तरुणीला त्याला धड उत्तर देता येत नाही. पत्रकाराची भूमिका कवयित्री बेला अख्मादुलिना यांनी केली होती. लेनिनग्राड येथील अखिल-संघ महोत्सवात या चित्रपटाला उत्कृष्ट विनोदी चित्रपट म्हणून गौरवण्यात आले आणि व्हेनिस येथील बालक व युवक चित्रपट महोत्सवातही त्याला पुरस्कार मिळाला. आपण विनोदी चित्रपट काढलेला नाही, अशी शुक्शिन यांची स्वतःची भूमिका होती. हसतमुख पाश्काच्या एकटेपणाकडे प्रेक्षकांचे दुर्लक्ष झाले, याची त्यांना खंत वाटत असे.

'तुमचा मुलगा आणि भाऊ' (१९६५) या पुढील चित्रपटात ही उदासी उघडपणे पुढे आली. आल्तायमधील वृद्ध येर्मोलाय वोयेवोदिन यांच्या मुलांची ही कथा आहे. एक मुलगा मॉस्कोत सर्कशीतला मल्ल झाला आहे आणि गावाकडच्या भावांना उपदेश करतो. मॉस्कोत मजुरी करणारा दुसरा मुलगा आजारी आईसाठी सापाच्या विषाचे औषध शोधत औषधांची दुकाने पालथी घालतो, पण त्याची निकड कोणालाही समजत नाही. तिसरा मुलगा स्त्योप्का तुरुंगातून घरी येतो. घरात आनंदाची मेजवानी सुरू असताना पोलीस येतात आणि तो सुटून आलेला नसून पळून आलेला आहे, हे उघड होते. त्याच्या शिक्षेचे केवळ तीन महिने उरले होते. घराच्या ओढीने व्याकूळ होऊन तो पळाला आहे आणि आता शिक्षा वाढणार हे त्याला ठाऊक आहे. त्याची मुकी बहीण पोलिसांना जाऊ देत नाही, हा प्रसंग शुक्शिन यांच्या चित्रपटांतील सर्वांत हृदयद्रावक प्रसंगांपैकी एक मानला जातो.

या चित्रपटासाठी शुक्शिन यांना १९६७ मध्ये रशियन संघराज्याचा वासिल्येव बंधू राज्य पुरस्कार मिळाला. मात्र त्यांनी गावाला शहराविरुद्ध उभे केले आणि अडाणीपणाचे उदात्तीकरण केले, अशी टीकाही काही समीक्षकांनी केली. 'स्वतःला विचारलेला प्रश्न' या १९६६ मधील लेखात शुक्शिन यांनी या आक्षेपाला उत्तर दिले. शहर आणि संस्कृती यांना त्यांचा विरोध नव्हता. गावातून आलेला तरुण स्वतःची नैतिक शिदोरी टाकून देतो आणि त्या बदल्यात शहराचा केवळ वरवरचा थाट उचलतो, ही त्यांची चिंता होती.

तीन कथांवर आधारित 'विचित्र माणसे' (१९६९) हा चित्रपट तुलनेने अयशस्वी ठरला. 'पेच्की-लावोच्की' (१९७२) या चित्रपटात आल्तायचा ट्रॅक्टरचालक इवान रास्तोर्गुयेव आणि त्याची पत्नी न्यूरा दक्षिणेकडील समुद्रकिनारी सुट्टीसाठी निघतात. प्रमुख भूमिका स्वतः शुक्शिन आणि त्यांच्या पत्नी लिदिया फेदोसेयेवा यांनी केल्या. चित्रीकरणाचा काही भाग स्रोस्त्की येथे झाला. रेल्वेच्या डब्यात साध्या कपड्यांतल्या या जोडप्याला सहप्रवाशांकडून मिळणारी तुच्छतेची वागणूक आणि त्यावर इवानच्या मनात साचत जाणारा राग यांचे यातील चित्रण विनोदी असले, तरी बोचरे आहे.

कथालेखन

शुक्शिन यांनी शंभरहून अधिक कथा, दोन कादंबऱ्या, काही लघुकादंबऱ्या, नाटके आणि पटकथा लिहिल्या. समीक्षक त्यांचा उल्लेख वासिली बेलोव, व्हालेंतिन रास्पुतिन आणि व्हिक्तोर अस्ताफियेव यांच्यासमवेत 'ग्रामीण गद्य' या प्रवाहात करतात. परंतु या प्रवाहातील इतर लेखकांनी लुप्त होणाऱ्या खेड्याचे चित्रण केले, तर शुक्शिन यांचे लक्ष प्रामुख्याने खेडे आणि शहर यांच्या सीमारेषेवर अडकलेल्या माणसावर राहिले.

त्यांच्या कथा आकाराने लहान, संवादप्रधान आणि वर्णनाला फाटा देणाऱ्या असतात. कथेची सुरुवात बहुधा थेट एखाद्या घटनेने होते आणि शेवट अनेकदा अचानक होतो. त्यांतील नायकांसाठी 'चुदिक', म्हणजे विक्षिप्त किंवा सर्वसामान्यांपेक्षा वेगळा वागणारा साधा माणूस, हा शब्द रूढ झाला. 'चुदिक' (१९६७) याच नावाच्या कथेतील नायक भावाला भेटायला जातो आणि भावजयीला खूश करण्यासाठी तिच्या तान्ह्या बाळाची गाडी रंगवतो. ती मात्र त्याला घराबाहेर काढते. 'सूक्ष्मदर्शक' (१९६९) या कथेतील सुतार पैसे हरवल्याची थाप पत्नीला मारून सूक्ष्मदर्शक विकत घेतो आणि मानवजातीला जंतूंपासून वाचवण्याचे स्वप्न पाहतो. 'निरुत्तर केले' (१९७०) या कथेतील ग्लेब कापुस्तिन गावी आलेल्या प्रत्येक सुशिक्षित पाहुण्याला वादात गाठून त्याचा पाणउतारा करतो आणि गावकरी त्या तमाशाचा आनंद लुटतात. विधायक वाट न सापडलेली बुद्धी कशी विखारी होते, हे या कथेत दिसते.

या माणसांना पोटापाण्याची ददात नसते, तरी आयुष्यात काहीतरी कमी आहे ही जाणीव त्यांना सतावते. त्या जाणिवेला नाव देण्याइतके शिक्षण त्यांच्याकडे नसते आणि तिच्याकडे लक्ष देण्याची सवड इतरांना नसते. मग कोणी थापा मारतो, कोणी दारूच्या आहारी जातो, तर कोणी हाणामारी करून तुरुंगात पोहोचतो. अधिकृत सोव्हिएत साहित्यात कर्तबगार, आशावादी नायकाची अपेक्षा असताना शुक्शिन यांनी अशा माणसांना केंद्रस्थानी आणले आणि त्यांचा उपहास न करता त्यांच्या बेचैनीची कारणे शोधली.

स्तेपान राझिनचा ध्यास

सतराव्या शतकात झारशाहीविरुद्ध शेतकरी व कोसॅकांचे बंड उभारणारा स्तेपान राझिन हा शुक्शिन यांच्या आयुष्यभराच्या ध्यासाचा विषय होता. राझिनला १६७१ मध्ये मॉस्कोत जाहीरपणे देहदंड देण्यात आला होता. त्याच्या जीवनावर चित्रपट काढून प्रमुख भूमिका स्वतः करण्याचा शुक्शिन यांचा मानस होता. त्यासाठी त्यांनी दीर्घ पटकथा लिहिली, व्होल्गा व दोन नद्यांच्या काठच्या प्रदेशांत फिरून चित्रीकरणाची स्थळे पाहिली आणि पुराभिलेखांचा अभ्यास केला. प्रचंड खर्च आणि पटकथेतील क्रौर्याची दृश्ये यांमुळे प्रकल्प लांबणीवर पडत गेला आणि अखेर गॉर्की स्टुडिओने काम थांबवले. याच सामग्रीवर आधारलेली 'तुम्हाला स्वातंत्र्य देण्यासाठी मी आलो आहे' ही त्यांची कादंबरी १९७१ मध्ये 'सिबिर्स्किये ओग्नी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. राझिनवरचा चित्रपट काढण्याची आशा त्यांनी सोडली नाही आणि त्याच उद्देशाने ते मोसफिल्म स्टुडिओत गेले. हा चित्रपट मात्र अखेरपर्यंत होऊ शकला नाही.

कालिना क्रास्नाया

मोसफिल्ममध्ये शुक्शिन यांनी प्रथम समकालीन विषयावरील चित्रपट हाती घेतला. 'कालिना क्रास्नाया' ही त्यांची लघुकादंबरी १९७३ मध्ये 'नाश सोव्रेमेन्निक' या मासिकात प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी चित्रीकरण झाले. कालिना हे लाल, कडवट फळांचे झुडूप असून रशियन लोकगीतांत ते प्रेम व विरह यांच्याशी निगडित आहे. शुक्शिन यांनी पटकथा व दिग्दर्शनासोबत प्रमुख भूमिकाही केली. छायालेखन अनातोली झाबोलोत्स्की यांचे होते.

नायक येगोर प्रोकुदिन याला साथीदार 'गोरे' म्हणजे दुःख या टोपणनावाने ओळखतात. खेड्यातला हा मुलगा तरुणपणी घरापासून तुटला आणि चोरांच्या टोळीत सामील झाला. तुरुंगातून सुटल्यावर तो पत्रांतून ओळख झालेल्या ल्यूबा बायकालोवा हिच्या गावी जातो. ल्यूबाची भूमिका लिदिया फेदोसेयेवा-शुक्शिना यांनी केली. ल्यूबा आणि तिचे कुटुंबीय त्याला हळूहळू स्वीकारतात. तो ट्रॅक्टर चालवू लागतो आणि नांगरलेल्या जमिनीच्या वासाने सुखावतो. परंतु मुक्त आयुष्य जगायचे कसे हेच त्याला उमगत नाही. पैसे उधळून आनंदोत्सव साजरा करण्याचा त्याचा प्रयत्न केविलवाणा ठरतो. एका प्रसंगी तो ल्यूबासह आपल्या वृद्ध आईच्या झोपडीत जातो, पण काळा चष्मा लावून गप्प राहतो आणि स्वतःची ओळख देत नाही. बाहेर पडल्यावर एका पडक्या चर्चच्या समोर जमिनीवर कोसळून तो रडतो. अखेरीस टोळीचे जुने साथीदार त्याचा माग काढत येतात आणि शेताजवळच्या बर्चच्या झाडांत त्याला गोळी घालतात.

चित्रपटाचे चित्रीकरण उत्तर रशियातील व्होलोग्दा प्रांतात, बेलोझेर्स्क परिसरात झाले. तुरुंगाची दृश्ये एका बेटावरील जुन्या मठात चालणाऱ्या खऱ्या तुरुंगात टिपण्यात आली आणि तेथील कैदी पडद्यावर दिसतात. येगोरच्या आईची भूमिका येफिमिया बिस्त्रोवा या त्याच भागातील वृद्ध ग्रामीण महिलेने केली. त्या व्यावसायिक अभिनेत्री नव्हत्या आणि कॅमेऱ्यासमोर त्यांनी आपल्याच आयुष्याची कहाणी सांगितली. त्यामुळे या प्रसंगाला माहितीपटाचे स्वरूप आले आहे. येगोरचा चेहरा आणि या वृद्धेचे खरेखुरे दुःख एकाच प्रसंगात आल्याने, हरवलेला मुलगा ही एका नायकाची व्यथा न राहता युद्ध आणि दुष्काळ सोसलेल्या अनेक घरांची व्यथा ठरते.

चित्रपट मान्यतेसाठी सादर झाल्यावर अधिकाऱ्यांनी अनेक बदल सुचवले. व्रणाचा विकार बळावलेला असतानाही शुक्शिन यांनी संकलनाचे काम पुन्हा हाती घेऊन काही दृश्ये कमी केली. १९७४ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला प्रेक्षकांचा अभूतपूर्व प्रतिसाद मिळाला. बाकू येथील अखिल-संघ चित्रपट महोत्सवात त्याला प्रमुख पुरस्कार देण्यात आला आणि 'सोवेत्स्की एक्रान' मासिकाच्या वाचकांनी तो वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून निवडला. गुन्हेगाराला सहानुभूती दाखवल्याचा आणि शेवट भावविवश केल्याचा आक्षेपही घेण्यात आला. मात्र येगोरचा मृत्यू केवळ टोळीच्या सूडामुळे होत नाही; मूळ जमिनीपासून तुटलेल्या माणसाला परतीची वाट उरत नाही, हे चित्रपटाचे सूत्र असल्याचे अनेक समीक्षकांनी नोंदवले आहे.

अभिनय

दिग्दर्शनाबरोबर शुक्शिन यांनी इतर दिग्दर्शकांच्या चित्रपटांतही सातत्याने भूमिका केल्या. सेर्गेई गेरासिमोव दिग्दर्शित 'सरोवराकाठी' या चित्रपटात त्यांनी बैकाल सरोवराच्या किनाऱ्यावर कारखाना उभारणाऱ्या अधिकाऱ्याची भूमिका केली. कारखान्यामुळे सरोवराचे पाणी दूषित होण्याचा धोका हा चित्रपटातील संघर्षाचा विषय होता. या भूमिकेसाठी १९७१ मध्ये त्यांना सोव्हिएत संघाचा राज्य पुरस्कार मिळाला. उंच गालफडे, बारीक डोळे आणि संयमित आवाज यांमुळे पडद्यावर त्यांचे अस्तित्व वेगळे जाणवत असे.

वैयक्तिक जीवन

अभिनेत्री लिदिया फेदोसेयेवा यांच्याशी शुक्शिन यांचा विवाह १९६० च्या दशकात झाला. त्यांना मारिया आणि ओल्गा या दोन मुली झाल्या. दोघींनीही पुढे अभिनयक्षेत्रात काम केले. मॉस्कोत स्थायिक झाल्यावरही शुक्शिन यांनी आईशी नियमित पत्रव्यवहार ठेवला. 'ल्युबाविनी' (१९६५) या पहिल्या कादंबरीच्या मानधनातून त्यांनी स्रोस्त्की येथे आईसाठी घर विकत घेतले. गावी परतून केवळ लेखन करावे, असा विचार त्यांच्या पत्रांतून आणि लेखांतून वारंवार डोकावतो, परंतु प्रत्यक्षात चित्रपटाने त्यांना मॉस्कोशी बांधून ठेवले.

मृत्यू

१९७४ च्या उन्हाळ्यात शुक्शिन सेर्गेई बोंदार्चुक दिग्दर्शित 'ते मायभूमीसाठी लढले' या, मिखाईल शोलोखोव यांच्या कादंबरीवर आधारित चित्रपटात प्योत्र लोपाखिन या सैनिकाची भूमिका करत होते. राझिनवरील चित्रपटाला बोंदार्चुक यांचा पाठिंबा मिळेल, अशी आशा ही भूमिका स्वीकारण्यामागे होती. चित्रीकरण व्होल्गोग्राद प्रांतात दोन नदीच्या काठी चालू होते आणि कलाकारांचा मुक्काम 'दुनाय' या जहाजावर होता. २ ऑक्टोबर, १९७४ रोजी सकाळी सहकलाकार व मित्र गेओर्गी बुर्कोव त्यांना उठवायला गेले असता ते खोलीत मृतावस्थेत आढळले. मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे हे नोंदवण्यात आले. लोपाखिनच्या भूमिकेतील उरलेल्या भागाला दुसऱ्या अभिनेत्याने आवाज दिला आणि चित्रपट १९७५ मध्ये प्रदर्शित झाला.

त्यांच्या निधनाच्या जेमतेम महिनाभर आधी, ऑगस्ट १९७४ मध्ये, ग्रामीण नागरिकांनाही सरसकट पासपोर्ट देण्याची तरतूद करणारे नवे नियम सोव्हिएत सरकारने संमत केले होते. गाव आणि शहर यांच्यातील ज्या कायदेशीर भिंतीखाली शुक्शिन यांची पिढी वाढली, ती त्यानंतर हळूहळू दूर झाली.

मॉस्को येथील नोवोदेविची दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीतील अनेकांनी कालिनाच्या लाल फळांच्या डहाळ्या आणल्या होत्या. मारिया सेर्गेयेव्ना यांचे निधन १९७९ मध्ये झाले.

वारसा

शुक्शिन यांच्या निधनानंतर त्यांचे बरेचसे लेखन प्रकाशात आले. 'तिसऱ्या कोंबड्याच्या आरवण्यापर्यंत' ही उपहासात्मक परीकथा १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या कथांचे अनेक भाषांत अनुवाद झाले असून त्यांची नाट्यरूपांतरेही रशियन रंगभूमीवर सातत्याने होतात. बर्नाऊल येथील आल्ताय प्रांतीय नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

स्रोस्त्की येथे १९७८ मध्ये त्यांचे स्मृतिसंग्रहालय सुरू झाले. त्यांनी ज्या शाळेत शिक्षण घेतले आणि पुढे शिकवले, तिची इमारत आता या संग्रहालयाचा भाग आहे. गावाजवळच्या पिकेत टेकडीवर दरवर्षी जुलै महिन्यात 'शुक्शिन वाचन' हा कार्यक्रम होतो आणि देशभरातून वाचक तेथे जमतात. २००४ मध्ये, त्यांच्या ७५व्या जयंतीच्या वर्षी, या टेकडीवर शिल्पकार व्याचेस्लाव क्लिकोव यांनी घडवलेला त्यांचा पुतळा उभारण्यात आला. पुतळ्यात शुक्शिन अनवाणी पायांनी जमिनीवर बसलेले दाखवले असून, त्यांच्यासमोर खाली त्यांचे गाव आणि कातून नदी पसरलेली दिसते.

दिग्दर्शित चित्रपट

लेब्याझ्ये येथून कळवतात (१९६०, पदवीपट)
असा एक तरुण आहे (१९६४)
तुमचा मुलगा आणि भाऊ (१९६५)
विचित्र माणसे (१९६९)
पेच्की-लावोच्की (१९७२)
कालिना क्रास्नाया (१९७४)